मुलगी रंगांध असेल तर

मालवण,
शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५

ती. दत्तादादास,
किशोरीचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं, तेव्हा ते लिहिलं असं समज. सानिका माझ्याकडेच आहे. जेवते, अभ्यासाला बसते, विचारलं तर उत्तर देते. न विचारता काही बोलत नाही.

तू फोन उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर लिहावं तर ते तू किनाऱ्यावर चहा पिताना चारचौघांत उघडशील, आणि हे चारचौघांत उघडण्यासारखं नाही. म्हणून जुन्या पद्धतीने कागद घेऊन बसले आहे. उद्या भाई टेम्पोवाला बर्फ घेऊन तोंडवलीला येईल, त्याच्याकडे देते. पाकीट चिकटवलेलं आहे. फाटलेलं मिळालं तर भाईला विचार, मला विचारू नकोस.

थंडी बरी पडली आहे. डिसेंबर म्हणजे तुझा सीझन जोरात असणार. इथे मालवणात रस्त्याला गाड्या लावायला जागा नाही. डॉल्फिन दाखवायच्या फेऱ्या दिवसभर चालू असतील, तुला दम खायला वेळ नसेल हे मला कळतं. तरी हे पत्र बसून वाच. उभ्याने वाचू नकोस.

आधी माझं रडगाणं ऐक, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

दहावीला मी पेशीविभाजन शिकवते आहे. जानेवारीत पूर्वपरीक्षा. शाळेतले सूक्ष्मदर्शक खाऱ्या हवेने गेलेले, भिंगांवर बुरशी, पेशी बघायला लावली की पोरं बुरशीचंच चित्र काढून आणतात. कांद्याच्या मुळाच्या टोकाला पेशी विभागताना दिसतात, म्हणून मी पाण्याच्या पेल्यांवर कांदे ठेवले होते. छान मुळं फुटली. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर पेले रिकामे. शिपायाला वाटलं कांदे फुकट सडताहेत, त्याने उचलून खिचडीवाल्या मावशींना नेऊन दिले. माझ्या प्रयोगाची फोडणी झाली आणि वर तो मला म्हणतो, "बाई, वाया नाय जावक दिलंय."

पोरांना पाठ सगळं येतं. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था, एका दमात म्हणून दाखवतात. आणि मग विचारलं, आईची गुणसूत्रं कोणाला जातात, की अर्धा वर्ग ठणकावून सांगतो, "मुलीला." आणि बापाची? "मुलाला." दरवर्षी हेच. घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं की बाबांनो, प्रत्येकाला अर्धी आईची, अर्धी बापाची, मुलगा असो नाही तर मुलगी. वहीत लिहून घेतात आणि घरी जाऊन परत म्हणतात की मुलगी ती, चेडू आवशीवरच गेला.

म्हणून मी सुताचा खेळ काढला. दिवाळीत तुझ्याकडून जाळ्याच्या सुताचे तुकडे मागून नेले होते, तांबूस आणि हिरवे. तू विचारलंस कशाला, मी म्हटलं गुणसूत्रं करायला, तू हसलास. प्रत्येक बाकावर मी त्या तुकड्यांच्या जोड्या दिल्या. लांब जोडी, मध्यम जोडी, आखूड जोडी. जोडीतला तांबूस तुकडा आईचा, हिरवा बापाचा. आता त्या दोन वाट्यांत अशा वाटायच्या की प्रत्येक वाटीत प्रत्येक लांबीचा एकेकच तुकडा जाईल. आईचा जातो की बापाचा, ते नशीब. मग मोजायचं, या वाटीत आईचे किती आणि बापाचे किती. इतकं सोपं करून दिलं तर हे धडा विसरणार नाहीत असं मला वाटलं होतं.

तुझ्या सानिकाचं सगळ्यांत आधी झालं. दोन्ही वाट्या अचूक, लांबीत एक चूक नाही. आणि मोजून लिहिलेलं काय, तर सगळे बापाचे. मी म्हटलं, नीट बघ. ती म्हणाली, बघितलं बाई. मी म्हटलं, उजेडात धरून बघ. तेव्हा ती रडकुंडीला आली आणि शाळेत माझ्याशी कधी मालवणीत बोलत नाही ती बोलली, "बघलंय गो आत्ये, सगळी एकाच रंगाची आसत." वर्ग हसला. मी नाही हसले. तूही हसला नसतास.

दुसऱ्या दिवशी मी मोबाईलवर ती ठिपक्यांची चित्रं आणली, रंगीत ठिपक्यांत आकडा लपलेला असतो ती. तिला एकटीला वेगळं काढायचं नाही म्हणून सगळ्या वर्गाला एकेक करून दाखवली. सगळ्यांनी आकडे वाचले. सानिकाला आकडा दिसलाच नाही.

इथे तू मला शिव्या घालशील. घाल. पण मी काय चुकीचं शिकवलं ते सांग. आदल्याच आठवड्यात मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं, ते अजून तसंच होतं, आणि ते पुस्तकातलं आहे, माझ्या मनातलं नाही. लाल आणि हिरवा रंग वेगळा न दिसण्याचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. मुलाला एकच एक्स, तो आईकडून. तो दोषाचा आला की संपलं, मुलगा रंगांध. मुलीला दोन, एक आईकडून आणि एक बापाकडून. एक चांगला असला की तो सांभाळून घेतो. म्हणून मुलगी रंगांध असेल तर तिचे दोन्ही एक्स दोषाचे असले पाहिजेत, आणि बापाकडे तर एकच असतो. म्हणजे मुलगी रंगांध असेल तर बाप रंगांध असतोच. त्या 'असतोच'खाली मीच खडूने दोनदा रेघ मारली होती.

पहिल्या बाकावर शादाब बसतो. हुशार पोरगा, मनात काही नाही त्याच्या. त्याने हात वर केला. "बाई, मग सानिकाच्या बाबांना पण रंग दिसत नसणार ना?"

आणि तुझी लेक ताडकन उठून उभी राहिली. "माझ्या बाबांक सगळा दिसता. ते तांडेल आसत. डोळे तपासल्याशिवाय होडी चालवूचो कागद गावता काय?"

शादाब फळ्याकडे बघतोय, मी खडूकडे. मग घंटा झाली. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या घंटेचा राग आला, कारण दोन मिनिटं मिळाली असती तर मी काहीतरी बोलून सावरलं असतं. त्याच मुलांनी घरी जाऊन उरलेलं गणित सोडवलं. किंवा त्यांच्या आईबापांनी सोडवून दिलं.

पुढच्या तासाला मी प्रयत्न केला, खोटं नाही सांगत. म्हटलं, मुलांनो, निसर्गात अपवाद असतात. लाखांत एखादं असंही होतं. ते खरंही आहे. शादाबने वही उघडली आणि विचारलं, "बाई, परीक्षेत काय लिहायचं?" मी म्हटलं, पुस्तकात आहे ते लिहा. दुसरं काय सांगणार होते?

आता किनाऱ्यावरचं. हे मला तुझ्या आकांक्षाने सांगितलं, आणि तिनेही मी खोदून खोदून विचारलं तेव्हा. ती पर्यटकांची ताटं घेऊन आली होती, तू होडी धूत होतास, आणि सत्यवान त्याच्या होडीवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दत्ता, तुझ्या भयणीन शाळेत शिकयल्यान ता खरा, काय तू खरो? तुका रंग दिसतत तर चेडू कोणाचा?" त्याचं तुझ्याशी गिऱ्हाइकांवरून वाकडं आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे. त्याला काय, दगड टाकायला निमित्त हवं होतं.

आणि तू काय केलंस? तू भर किनाऱ्यावर उभा राहून एकेका होडीकडे बोट दाखवलंस. "ती सफेद, कडेक निळो पट्टो. ती तांबडी. ती हिरवी, तुझी. तो पिवळो बावटो." एकही चुकली नाही म्हणे. कशी चुकेल? त्या होड्या रंगवताना तू तिथेच बसलेला असतोस, कोणी कुठला डबा आणला ते तुला आधीपासून ठाऊक असतं. लोकांनी माना डोलावल्या. तुला वाटलं जिंकलो.

दादा, तू एकेक रंग बरोबर सांगत गेलास आणि तुझी बायको तिथे हातात ताटं घेऊन उभी होती. प्रत्येक रंगाबरोबर लोक तिच्याकडे बघत गेले. तू स्वतःला सोडवलंस आणि तिला अडकवलंस. घरी आल्यावर तिला माहेरी धाडताना म्हणालास, "थोडे दिस पिंगुळीक जावन ऱ्हव, लोक इसारतले." काय विसरतील लोक? अजून तरी काही विसरले नाहीत. आमच्या शाळेच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या बायका सानिका गेली की तिचं नाक बघतात, कपाळ बघतात, कोणावर गेलंय ते शोधतात.

इतका वेळ मी आडून आडून लिहितेय. आपण दोघांनी हे उभ्या जन्मात एकमेकांना तोंडाने सांगितलेलं नाही, म्हणून पेन अडतंय. लिहितेच आता.

तुला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही. कधीच दिसलेलं नाही.

मला हे शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. पिंगुळीला मामाकडे मे महिन्यात रातांबे काढायला जायचो. तू झाडावर, मी खाली. पिकलेलं लाल तेवढंच तोडायचं. तुझा हात हिरव्याकडे गेला की मी खालून ओरडायचे, "ता नको, ता बाजूचा." तुला माझा राग नाही यायचा. मी नसले की तू झाडावर चढायचाच नाहीस, पोटात दुखतं म्हणायचास. आईला ते कळलेलं होतं. तिने मला विहिरीपाशी नेऊन बजावलं होतं, "खंय बोला नको. तांडेलाच्या झिलाक रंग दिसनत नाय म्हटल्यावर तेका होडयेर कोण घेतलो?" आई गेली, अण्णा गेले, मी अजून बोललेले नाही. तुझ्या डोळ्यांच्या तपासणीला डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली आणि सही केली, रंगाचं विचारलंच नाही, हे तूच हसत हसत सांगितलं होतंस. त्यावरही मी काही बोलले नव्हते.

आणि मामा. मामाला आपण किती हसायचो. त्याने काढलेल्या रातांब्यांत निम्मे हिरवे. मामी म्हणायची, ह्येका कायच कळणा नाय. कळत होतं रे सगळं. दिसत नव्हतं.

आता हे जरा लक्ष देऊन वाच, कारण हे कोणीच बघत नाहीये. तुझ्यातला एक्स आईकडून आला. आई आणि मामा सख्खी भावंडं, म्हणजे मामातला दोषाचा एक्स आणि आईतला दोषाचा एक्स एकाच ठिकाणचा, आपल्या पिंगुळीच्या आजीचा. मामाने तो आपल्या मुलीला दिला. बापाकडे एकच असतो, त्यामुळे दिलाच. ती मुलगी आकांक्षा. आणि मग सगळ्यांनी हौसेने ठरवलं, मामाची मुलगी, घरातलीच, पारखलेली, दत्ताला द्यायची. आजीचा तो एक धागा दोन वाटांनी फिरून तुझ्या घरात परत आला. तुझ्याकडून सानिकाला मिळणारच होता. आकांक्षाकडे दोन, एक चांगला आणि एक दोषाचा, त्यातला तिने कुठला दिला ते नाणं उडवल्यासारखं. पडलं उलटं.

म्हणजे ज्या गोष्टीवरून लोक विचारताहेत की मुलगी कोणाची, तीच गोष्ट सांगते आहे की ती तुझीच. तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाची असायला तोंडवलीत दुसरा रंगांध माणूस शोधावा लागेल. सगळ्यांकडे निम्मंच गणित आहे. उरलेलं निम्मं तू खिशात घालून फिरतो आहेस.

रविवारी मी पिंगुळीला गेले होते. राधामामीने पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणाली, "तुझ्या शाळेत ह्याच शिकयतत काय गो? आमच्या चेडवाची अब्रू काढूक?" मी ऐकून घेतलं. तिच्याशी काय भांडू?

आकांक्षा परसात होती. सोळा वर्षं संसार केलाय तिने तुझ्याशी. तुला काय वाटतं, तिला माहीत नाही? तुझे कपडे ती काढून ठेवते. खानावळीसाठी मासळी घेताना कल्ले लाल आहेत की काळपट पडलेत ते ती बघते, तू नुसता वास घेतोस. सिग्नलच्या गावात गेलात की गाडीवर मागे बसून ती तुला हळूच सांगते, चला आता. तिने हे तुला कधी जाणवू दिलं नाही, आणि तुला वाटलं तुझं तू जमवतोस.

मी तिला म्हटलं, एक वाक्य बोल ना गो. किनाऱ्यावर सगळ्यांसमोर एकच वाक्य बोलायचंस, ह्यांना रंग दिसत नाहीत. तिथल्या तिथे सत्यवानाचं तोंड बंद झालं असतं. ती कपडे वाळत घालत होती, घालत राहिली. म्हणाली, "ह्या माझ्या तोंडातसून भायर पडाचा नाय, किशोरी. तांडेलकी गेली तर ते जगाचे नाय. सांगूचा आसात तर तेनी सांगूक व्हया." मला इतका संताप आला की तिच्या हातातला पिळा घेऊन मीच आपटावा असं वाटलं. तिच्यावर नाही. तुझ्यावर, आईवर, आपल्या सगळ्यांच्या या गप्प बसण्याच्या सवयीवर.

होडी चालवायच्या कागदाचं म्हणशील तर मी गोड बोलणार नाही. सांगितलंस तर तो राहील की जाईल, मला माहीत नाही. मी कुठे चौकशी केलेली नाही, तुझ्या नावाने करणारही नाही. जाऊही शकतो. गेला तर होडी तुझीच राहील, चालवायला माणूस ठेवावा लागेल, दुसऱ्याच्या हातात सुकाणू बघून तुझा जीव तुटेल. ते मला कळतं. पण हेही कळतं की संध्याकाळी परतायला उशीर झाला की खाडीच्या तोंडाशी लाल दिवा कुठला आणि हिरवा कुठला, हे तू सवयीने ओळखतोस. सवय एखाद दिवस चुकते. तुझ्या होडीत लोकांची पोरं बसलेली असतात. हे मी कधी बोलले नाही, पण पावसाळ्याच्या आधीच्या त्या वाऱ्यात तू बाहेर असलास की मी जेवण झाकून दारात येऊन बसते.

शाळेचं ऐक. आमचे मुख्याध्यापक गुरुदास सर, सज्जन माणूस, पण वाद म्हटला की हात झटकून मोकळा. मला बोलावून म्हणाले, "मॅडम, दोन मार्कांचा प्रश्न. इतकं खोल शिरायचं कशाला?" मी म्हटलं, सर, विज्ञान आहे. ते म्हणाले, "विज्ञान आहे हो, पण गाव पण आहे." मग म्हणाले, सोमवारी पहिल्या तासाला सानिकाची तपासणी वर्गासमोर परत घ्या. या वेळेस ती बरोबर वाचेल. पहिल्यांदा मोबाईलचा उजेड कमी होता म्हणून सांगा. मुलं घरी जाऊन सांगतील, विषय मिटेल. मी विचारलं, ती बरोबर कशी वाचेल? सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते तुम्ही बघा."

बाहेर येऊन मी चरफडत होते. मी याला साफ नाही म्हणणार होते. रागाच्या भरात घरी आल्यावर हे सगळं तुझ्या भावोजींकडे बोलले, आणि सानिका आतल्या खोलीत होती.

काल संध्याकाळी मी भाकऱ्या करत होते. ती येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपण होऊन बोलली. "आत्ये, माका ते आकडे शिकव. खयच्या चित्रात खयचो, ता सांग. मी पाठ करतंय."

मला वाटलं, मनाला लागलंय पोरीच्या, स्वतःच्या जन्माबद्दल शंका आली असणार, म्हणून धडपडतेय. मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून तिला जवळ घेतलं. म्हटलं, बाळा, तू तुझ्या बाबांचीच आहेस. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले होते. म्हणाली, "ता माका कळला. फळ्यावरच कळला. माका दिसना नाय म्हणजे बाबांक पण दिसना नाय."

दादा, सगळ्या वर्गाने ते गणित उलटं सोडवलं. बापाला दिसतं, म्हणून मुलगी त्याची नाही. किनाऱ्यावरच्या मोठ्या माणसांनीही तसंच सोडवलं. या पोरीने सरळ सोडवलं. दुसरी शंका तिच्या मनाला शिवलीसुद्धा नाही. इतकी वर्षं मी शिकवते, धडा असा कळलेली मुलगी मला भेटली नव्हती. आणि कळून तिने काय केलं? गप्प बसली. वर्गात तुझ्यासाठी ताडकन उठली होती ना, तेव्हा तिला खरंच वाटत होतं की तुला दिसतं. घंटा होईपर्यंत कळलं होतं. तेव्हापासून ती बोलत नाहीये, ते यासाठी. बोलताना चुकून तोंडातून जाईल म्हणून.

मी विचारलं, मग आकडे कशाला पाठ करतेस? म्हणाली, "मी सगळे बरोबर वाचलंय तर आयेक कोण काय म्हणाचा नाय. आणि बाबांची होडी पण जावची नाय." मी म्हटलं, अगं, हे खोटं आहे, आणि एकदा करून सुटायचं नाही, जन्मभर करावं लागेल. तर ती म्हणाली, "बाबांनी इतकी वर्सा जमवल्यानी. माका जमाचा नाय?"

भाकरी जळली. तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. ते तुझ्याकडे आहे. इतकी वर्षं कसं जमवलंस, झाडावर चढायच्या आधी पोटात काय व्हायचं, कोणी सहज "तो लाल शर्टवाला" म्हणालं की कशी धडधड व्हायची, आयुष्यभर कोणाच्या तरी आवाजाकडे कान लावून चालणं बरं असतं का, ते मला काय ठाऊक? मी खाली उभी होते. तूच तिला सांगू शकतोस.

मी आकडे शिकवले नाहीत. तरी ती शिकेल. आज शाळेतून आल्यावर मोबाईल घेऊन बसली होती, चित्रांचा क्रम मनात म्हणत होती, ओठ हलत होते. तुझ्यासारखीच जिद्दी आहे. आणि मी आता सरांना नाही म्हटलं, तर लोक त्याचाही तोच अर्थ काढतील. सोमवारी ती पहिल्या बाकासमोर उभी राहील, घडाघडा वाचेल, पोरं टाळ्या वाजवतील, गुरुदास सर मला चहा पाजतील. सगळं मिटेल. आकांक्षा परत येईल. तुझ्या फेऱ्या चालू राहतील.

मी तुझं नाव घेणार नाही. आईने बजावलंय म्हणून नाही, तर ते मी घ्यायचं नाव नाही म्हणून. आकांक्षा बोलणार नाही. सानिका तर नाहीच नाही. आम्ही तिघी तोंडात मिठाची गुळणी धरून बसू, आम्हाला त्याची सवय आहे. फक्त तुला हे माहीत असू दे की आम्ही बसलोय.

सोमवारी अकरा वाजता. वर्ग जिन्याच्या वर उजव्या हाताला, तुझ्याच वेळचा. पालक म्हणून आलास तर तुला कोणी अडवणार नाही. आलास तर तिने तोंड उघडायच्या आधी ये. नाही आलास तर मी चित्र समोर धरीन, ती आकडा सांगेल, आणि मी सगळ्या वर्गादेखत म्हणेन, शाब्बास.

तुझ्याच लेकीची आत्या,
किशोरी